सामंजस्य करार भिंतीवर, विद्यार्थी खिडकीवर

परदेशी विद्यापीठाशी सामंजस्य करार झाला की दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो हमखास येतो. मधोमध कुलगुरू, शेजारी पाहुणे, दोघांच्या हातात निळी फाईल, मागे प्राध्यापकांची रांग आणि कडेला अर्धा कापला गेलेला एखादा अधिष्ठाता. पुढे तो करार फ्रेम होऊन दालनात लागतो, विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात त्याची एक ओळ होते आणि मुदत संपते तेव्हा ती संपल्याचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. त्याच दिवसांत, त्याच आवारात, परीक्षा विभागाच्या खिडकीपुढे येमेनच्या सनाहून आलेला पीएचडीचा विद्यार्थी आणि बीडच्या पाटोद्याहून आलेला एमएस्सीचा मुलगा एका रांगेत उभे असतात. दोघांना उत्तरही एकच मिळतं: "साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या."

विद्यापीठ आंतरराष्ट्रीय झालं की नाही, हे या रांगेत ठरतं असं माझं मत आहे. वसतिगृह, मेस, दवाखाना, समुपदेशन, शिष्यवृत्ती कक्ष, बोनाफाईड म्हणजे विद्यार्थी असल्याचा दाखला देणारी खिडकी, या सगळ्याला मिळून आपण विद्यार्थी सेवा म्हणतो, आणि विद्यापीठाच्या कारभारात तिला कायम शेवटची खुर्ची मिळते. मराठवाड्यापुरतं मी आणखी एक पाऊल पुढे जाईन. परदेशी मुलासाठी एक सोय आणि तांड्या-वाडीवरून आलेल्या मुलासाठी दुसरी, अशी दोन घरं मांडणं आपल्याला परवडणारं नाही. परवडलं तरी मांडू नयेत.

परका माणूस या मुलखाला नवा नाही. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याच्या नोंदीत भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असा हिशेब मांडलेला आहे. १६१० मध्ये खडकी वसवली ती हबशी मलिक अंबरने. तिचंच पुढे औरंगाबाद आणि आता छत्रपती संभाजीनगर झालं. शाळांच्या सहली जिथं हटकून थांबतात ती पाणचक्की बुखाऱ्याकडून आलेल्या बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. ती दळायची ते तिथं उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी आणि शिष्यांसाठी. लांबून आलेल्याच्या आधी पिठाची सोय करावी, मग त्याला शिकवावं, एवढी समज त्या काळच्या व्यवस्थापनाला होती. निजामाच्या फौजेत येमेनच्या हद्रमौत भागातून आलेल्या अरबांचे वंशज, चाऊस घराणी, आजही मराठवाड्यात आहेत आणि त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर मराठीत भांडतात. अशा मुलखात आज येमेनचा विद्यार्थी भाड्याची खोली विचारायला गेला की घरमालक दार अर्धंच उघडतो.

परकेपणा म्हणजे काय, हे आपल्या आधीच्या पिढ्यांनीही भोगलेलं आहे. २३ ऑगस्ट १९५८ ला मराठवाडा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत इथली महाविद्यालयं हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाला जोडलेली होती. निजामाच्या काळात तिथलं माध्यम उर्दू. घरात मराठी बोलणारं पोरगं हैदराबादला जाऊन आधी लिपीशी झगडायचं आणि मग विषयाशी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय सुरू केलं, तेच पुढचं मिलिंद. त्याच्या परिसराबद्दल, नागसेनवनाबद्दल, बोलताना आपण तिथल्या प्राध्यापकांची नावं घेतो आणि ती घ्यायलाच हवीत. पण माझ्या समजुतीप्रमाणे नागसेनवन घडवण्यात वर्गाइतकाच, कदाचित थोडा जास्तच, वाटा वसतिगृहाचा होता. गावच्या विहिरीला ज्यांना हात लावू देत नसत, ती मुलं तिथं एका पंगतीत जेवली, एका दिव्याखाली वाचत बसली, एकमेकांच्या कविता ऐकून घेतल्या. मराठवाड्याचं सामाजिक भान बदललं त्यात या खोल्यांचा वाटा केवढा, याचा हिशेब कुठल्याही मानांकनात बसणार नाही.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या शिक्षणाची कथाही आपण अर्धीच सांगतो. १९१३ मध्ये ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथल्या सेलिग्मन, ड्यूई या प्राध्यापकांची नावं आपल्या भाषणांत येतात. त्यांच्या मुक्कामाचं कुणी बोलत नाही. सुरुवातीला ते हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तिथलं जेवण मानवेना म्हणून आठवड्याभरात कॉस्मोपॉलिटन क्लबच्या निवासात गेले. तिथं आणखी काही भारतीय विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना हा पारशी तरुण त्यांचा खोलीतला जोडीदार झाला. ही मैत्री जन्मभर टिकली आणि नंतरच्या लंडनच्या दिवसांत बाबासाहेबांच्या पैशाच्या अडचणीतही कामी आली. मुक्काम बदलण्याची सोय होती, दुसऱ्या जागी आपली माणसं भेटली, खोलीतला सोबती चांगला मिळाला. कुठल्याही पदवीपत्रावर या गोष्टी छापून येत नाहीत.

त्याच कोलंबियाची आणखी एक हकिगत मला फार बोलकी वाटते. १९०९ मध्ये हॅरी एडमंड्स नावाच्या वायएमसीएच्या कार्यकर्त्याने ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर एका चिनी विद्यार्थ्याला जाता जाता 'गुड मॉर्निंग' केलं. तो मुलगा थबकला आणि त्याने सांगितलं की न्यूयॉर्कला येऊन आपल्याला तीन आठवडे झाले, आपल्याशी बोललेले तुम्ही पहिलेच. एडमंड्स दांपत्याने मग परदेशी विद्यार्थ्यांना रविवारी घरी जेवायला बोलवायला सुरुवात केली. त्यातून क्लब उभा राहिला आणि १९२४ मध्ये रॉकफेलर यांच्या देणगीतून देशी-विदेशी विद्यार्थ्यांनी एकत्र राहायचं 'इंटरनॅशनल हाऊस' झालं. जगभरच्या आंतरराष्ट्रीय वसतिगृहांचं हे मूळ घराणं. इमारत पंधरा वर्षांनी आली. सुरुवातीला तर नुसती जेवणावळच होती, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे काय आहे? कायद्याच्या बाजूने बघितलं तर बरंच काही आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ ने प्रत्येक विद्यापीठात राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी एक मंडळ आणि विद्यार्थी विकासासाठी एक मंडळ सांगितलं आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात परदेशी विद्यार्थी घेणाऱ्या प्रत्येक संस्थेत त्यांच्या स्वागतासाठी आणि मदतीसाठी कार्यालय असावं असं आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०२१ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२२ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मंजूर क्षमतेच्या वर २५ टक्के जागांची मुभा दिली. कागद भरपूर आहेत. घोडं अडतं ते दोन मंडळांच्या मधल्या भिंतीपाशी. आंतरराष्ट्रीय मंडळ करार, शिष्टमंडळं आणि परिषदा बघतं. विद्यार्थी विकास मंडळ युवक महोत्सव, 'कमवा आणि शिका' आणि अपघात विमा बघतं. परदेशी विद्यार्थी पहिल्याच्या यादीत आकडा म्हणून असतो आणि दुसऱ्याच्या यादीत बहुधा नसतोच. युवक महोत्सवात लावणी होते, पोवाडा होतो, मूकनाट्य होतं. त्या मांडवात सुदानचा मुलगा प्रेक्षक म्हणून तरी बसलेला किती वेळा दिसला, हे जुन्या कार्यकर्त्यांना विचारून बघावं.

आकड्यांबद्दल एवढंच. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात २०२१-२२ साली देशभरात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी होते. एकूण विद्यार्थी ४ कोटी ३३ लाखांच्या घरात. म्हणजे हजारी एक. त्यांतलेही सर्वांत जास्त, २८ टक्के, नेपाळचे. उलट बाहेर शिकायला गेलेली भारतीय मुलं २०२४ मध्ये १३ लाखांवर होती. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ या संस्थांच्या क्रमवारीत परराज्यांतल्या आणि परदेशांतल्या विद्यार्थ्यांच्या प्रमाणाला गुण आहेत, म्हणून डोकी मोजण्याची घाई सगळ्यांना आहे. मोजलेली डोकी जेवतात कुठं, हे विचारायला क्रमवारीत रकाना नाही.

आता एका विद्यार्थ्याचे पहिले चौदा दिवस जवळून बघू. १८० दिवसांहून जास्त मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला आल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी करावी लागते. अर्ज ऑनलाइन, पण काही शंका निघाली की पोलीस आयुक्तालय किंवा अधीक्षक कार्यालय गाठायचं. त्यासाठी बोनाफाईड लागतं. बोनाफाईडसाठी प्रवेश 'कायम' झालेला लागतो. प्रवेश कायम व्हायला पात्रता विभागाची मंजुरी आणि पूर्वीच्या पदवीचं समकक्षता प्रमाणपत्र लागतं. शिवाय राहण्याचा पत्ता लागतो, आणि पत्ता म्हणजे भाडेकरार. घरमालकाने परदेशी माणूस राहायला आल्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन द्यायची असते. त्याला सगळे 'सी फॉर्म' म्हणत आले. १ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी नागरिकांबाबतचे चार जुने कायदे जाऊन एकच नवा कायदा लागू झाला, पण घरमालकाची जबाबदारी काही गेली नाही.

अशाच एका मुलाबरोबर मी खोली बघायला गेलो होतो. घर चांगलं, घरमालक निवृत्त शिक्षक, भाडंही जमण्यासारखं. सगळं ठरलं आणि फॉर्मचा विषय निघाला. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगं गुणी दिसतंय हो. पण हे पोलिसांचं लचांड कशाला मागं लावून घेऊ? उद्या चौकीत बोलावलं तर गल्लीत काय तोंड दाखवू?" त्या माणसाच्या मनात द्वेष नव्हता. त्याला फॉर्म भरता येत नव्हता आणि भरून देणारं कुणी नव्हतं. विद्यापीठाच्या एका कर्मचाऱ्याने त्याच्या ओट्यावर बसून पंधरा मिनिटांत तो भरून दिला असता, खाली शिक्का आणि फोन नंबर असलेलं पत्र दिलं असतं, तर ती खोली मिळाली असती. असं पत्र देण्याची पद्धत नव्हती. मुलगा शेवटी त्याच्याच देशातल्या सहा जणांच्या खोलीत सातवा म्हणून गेला. मग आपणच म्हणणार, "ही मुलं आपापल्यातच राहतात, मिसळत नाहीत."

नावाचा घोळ हा दुसरा मासला. आपल्या फॉर्मवर रकाने ठरलेले: आडनाव, स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळं. येमेनी पासपोर्टवर नावं ओळीने येतात: स्वतःचं, वडिलांचं, आजोबांचं आणि शेवटी घराण्याचं. कारकुनाने पहिलं नाव आडनावाच्या रकान्यात टाकलं की संगणकात तेच बसतं. दोन वर्षांनी गुणपत्रिका हातात पडते तेव्हा नाव उलटंपालटं. दूतावास म्हणतो हा माणूस पासपोर्टवरचा नव्हे. मग दुरुस्तीचा अर्ज, प्रतिज्ञापत्र, चलन, जुनी गुणपत्रिका जमा, नवीची वाट. इथं व्हिसाची मुदत संपत आलेली असते. व्हिसा वाढवायला पुन्हा बोनाफाईड, आणि बोनाफाईडवरचं नाव गुणपत्रिकेप्रमाणेच.

हाच घोळ उलट्या दिशेने बीड-जालन्याच्या मुलीलाही पुरून उरतो. तिच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी. पदवीच्या कागदांवर मधल्या नावाची आद्याक्षरं. पासपोर्टवर तिसराच क्रम. तिला जर्मनीला जायचंय. त्यासाठी शैक्षणिक कागद तपासल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्र उतारा लागतो, तेही बंद लिफाफ्यात किंवा विद्यापीठाच्या अधिकृत ईमेलवरून थेट. पुण्यातल्या मुलाला हे सांगणारा सल्लागार गल्लीत भेटतो, पैसे घेतो पण काम करतो. तिला सांगायला कुणी नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून राज्य सरकार अनुसूचित जातींच्या ७५ विद्यार्थ्यांना दरवर्षी बाहेर पाठवतं. जाहिरात निघते, मुदत असते, परदेशी विद्यापीठाचं प्रवेशपत्र आधीच हातात लागतं. ते प्रवेशपत्र मिळवायची तयारी आदल्या वर्षीच सुरू करावी लागते, हे ज्याला कळतं त्याचाच अर्ज वेळेत जातो. शेवटच्या सत्राचा निकाल लांबला की कळलेल्याचाही जात नाही. परीक्षा विभागाचं वेळापत्रक आंतरराष्ट्रीयीकरणाचा सगळ्यात मोठा अडथळा आहे, हे वाक्य कुठल्याच परिषदेच्या बीजभाषणात मी ऐकलेलं नाही.

येणारा येमेनी आणि जाणारी बीडची मुलगी एकाच खिडकीवर, एकाच प्रकारच्या कागदासाठी अडतात. मग त्यांच्यासाठी दोन कार्यालयं कशाला? एकच कक्ष असावा. तिथं पासपोर्ट, व्हिसा, नोंदणी, ट्रान्सक्रिप्ट, नावदुरुस्ती, शिष्यवृत्ती, समकक्षता हे सगळं एका टेबलावर व्हावं. हा कक्ष विद्यार्थी विकास आणि आंतरराष्ट्रीय संबंध या दोन्ही मंडळांना एकदमच जबाबदार असावा. राज्यात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे. कोणता कागद किती दिवसांत मिळेल आणि न मिळाल्यास अपील कुणाकडे, हे त्या टेबलामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहावं. मराठी, इंग्रजी आणि उर्दू, तिन्हींत. अरबी जमली तर उत्तमच. भाषांतर करून देणारी मुलं वसतिगृहातच सापडतील.

वसतिगृहाचा प्रश्न याहून नाजूक आहे. परदेशी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र 'इंटरनॅशनल होस्टेल' बांधावं, ही कल्पना प्रशासनाला मनापासून आवडते. इमारत दिसते, कोनशिला बसते, अटॅच्ड बाथरूम देता येतं, देखरेख सोपी जाते. मला ती मुळातच चुकीची वाटते. १६ मार्च २०२४ च्या रात्री अहमदाबादला गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ला केला. गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, आणि परदेशी विद्यार्थ्यांना वेगळ्या वसतिगृहात हलवण्यात आलं. त्या घटकेला ते गरजेचं असेलही, मी तिथल्या प्रशासनाला दोष देत नाही. पण कायमचा उपाय म्हणून वेगळी इमारत निवडली तर आवारातल्या बाकीच्या हजारो मुलांना परदेशी विद्यार्थी कधी भेटणारच नाही. ज्याच्याशी कधी मीठ मागण्यापुरतंही बोलणं झालं नाही, त्याच्याबद्दल काहीही पसरवलेलं खरं वाटतं.

मिश्र वसतिगृहात कटकटी होतात, हे खरं. जेवणावरून होतात, प्रार्थनेच्या वेळेवरून होतात, रात्री फोनवर मोठ्याने बोलण्यावरून तर रोज होतात. त्या सोडवायला शहाणा रेक्टर लागतो, आणि रेक्टर म्हणजे आपल्याकडे एखाद्या तरुण प्राध्यापकावर टाकलेला जादा भार. पण मेसमध्ये दुसऱ्याही गोष्टी घडतात. सुदानमध्ये ज्वारीच्या आंबवलेल्या पिठाची किसरा नावाची पातळ पोळी रोजच्या जेवणात असते. येमेनमध्येही ज्वारी पिकते आणि खाल्ली जाते. उत्तरेकडून आलेल्या पाहुण्याला भाकरी चावताना कष्ट पडतात. या मुलांना ती परकी वाटायचं कारण नाही. आपलं प्रशासन मात्र परदेशी म्हटलं की ब्रेड-बटरची ऑर्डर देतं! परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात ज्वारीवर अनेक दशकं संशोधन चाललंय. तिथला विद्यार्थी आणि कोरडवाहू सुदानमधला विद्यार्थी एका ताटावर बसले तर दुष्काळ, बियाणं, कडबा यांवर त्यांचं जे बोलणं होईल त्याला परिषदेची गरज पडणार नाही.

स्वीडनमधल्या माल्मोचं उदाहरण इथं देतो, कारण त्यांची अडचण आपल्यासारखीच होती. तिथलं विद्यापीठ १९९८ मध्ये सुरू झालं. नवं कोरं, परदेशांत ओळख नाही, मुलांना देवाणघेवाणीसाठी बाहेर पाठवायला पुरेसे भागीदार नाहीत. तिथं आंतरराष्ट्रीय विभाग सांभाळणारे बेंग्ट निल्सन यांनी विचार केला की शहरात जगभरातून आलेली स्थलांतरित कुटुंबं आहेत, मग जग शोधायला विमानाने जायचं कशाला? घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण, ही कल्पना तिथून युरोपभर गेली. ज्या विद्यार्थ्याला कधीच परदेशी जाता येणार नाही त्याला इथंच, अभ्यासक्रमातून आणि शेजारातून, जग भेटलं पाहिजे, असा तिचा गाभा. आपल्या आवारातल्या शंभरातल्या नव्याण्णव मुलांना पासपोर्टही नाही असं धरून चाललं, तर ही कल्पना माल्मोपेक्षा आपल्यालाच जास्त लागू पडते.

आणि आपल्याकडे शहरंही आहेतच. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबला पंजाबातून, आणि थेट कॅनडा-इंग्लंडमधूनही यात्रेकरू येतात. मध्यरात्री गाडीतून उतरलेल्या माणसाला यात्री निवासात खोली आणि लंगरात जेवण मिळतं; तू कोण, कुठला, हे जेवण वाढण्याआधी कुणी विचारत नाही. त्याच शहराच्या विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. बाहेरच्याला सामावून घेण्याचा एवढा सराव असलेली माणसं जवळ असताना विद्यार्थी स्वागताचं प्रशिक्षण आणायला सल्लागार कंपनी शोधण्याची गरज नाही. संभाजीनगरला पाली शिकायला येणाऱ्या थायलंडच्या भिक्खूंना विहारं आहेत, अरब मुलांना उर्दू कळणारा बाजार आहे. विद्यार्थी सेवेने या लोकांना नुसतं जोडून घ्यायचं आहे.

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. "आमच्या पोरांनाच वसतिगृह मिळत नाही, वसतिगृह न मिळालेल्यांसाठीच्या सरकारी स्वाधार योजनेच्या पैशांवर भाड्याच्या खोल्यांत राहतात, आणि तुम्ही परदेशी मुलांचं घेऊन बसलात." हा आक्षेप खरा आहे, राग रास्त आहे. ऊसतोडीला आई-बाप सहा महिने बाहेर असलेल्या मुलाला दिवाळीनंतर घर बंद असतं. त्याला सुट्टीत वसतिगृह उघडं हवं असतं. सुट्टीत घरी जाऊ न शकणारा दुसरा विद्यार्थी कोण? परदेशी. दोघांसाठी सुट्टीत मेस चालू ठेवायची तर खर्च एकच. आजारी पडल्यावर दवाखान्यात सोबत थांबणारं कुणी नाही, ही स्थिती दोघांची. इंग्रजी वर्गात समजत नाही आणि विचारायची लाज वाटते, हीही दोघांची. नळाला किती दिवसांनी पाणी येतं, जार कुठून घ्यायचा, टँकरवाल्याचा नंबर काय, हे शहरात नव्याने आलेल्या कुणालाही सांगावं लागतं, मग तो वडवणीचा असो की बगदादचा. परदेशी विद्यार्थ्याच्या नावाने उभी केलेली प्रत्येक सेवा सगळ्यांना खुली ठेवायची, एवढी अट घातली की हा आक्षेप पुष्कळसा विरघळतो.

राहतो तो सुरक्षेचा मुद्दा. मुदत संपूनही राहणारे काही असतात, त्यांना शोधणं पोलिसांचं काम आहे आणि त्यांनी ते करावं. विद्यार्थ्याची हजेरी, प्रगती आणि पत्ता नीट ठेवणारा कक्ष असेल तर पोलिसांचंही काम सोपं होतं. संशयाने हे साधत नाही, नोंदींनी साधतं.

मनुष्यबळ कुठून आणायचं? माझं उत्तर 'कमवा आणि शिका'. या योजनेतली मुलं आज झाडांना पाणी घालतात, ग्रंथालयात पुस्तकं लावतात, कार्यालयात फायली वाहतात. श्रमाला कमी लेखत नाही, पण बीएच्या तिसऱ्या वर्षातल्या मुलीला परदेशी विद्यार्थिनीची सोबतीण म्हणून तेच मानधन दिलं तर? बँकेत खातं काढायला बरोबर जाणं, घरमालकाशी बोलणं, पोलीस कार्यालयात अर्ज समजावून देणं, मराठीचे चार शब्द शिकवणं. बदल्यात तिचं इंग्रजी सुटेल, परकी माणसं हाताळायची भीड जाईल आणि उद्या तिला स्वतःला बाहेर जायचं असेल तेव्हा व्हिसाचा फॉर्म तिला पाठ असेल. योजना आहे, मुलं आहेत, कामाचे तास मोजायची वहीसुद्धा आहे. कामांच्या यादीत एक ओळ वाढवायची आहे.

पैशाचं काय? परदेशी विद्यार्थ्याकडून आपण स्थानिक विद्यार्थ्याच्या कित्येक पट शुल्क घेतो. ते सर्वसाधारण निधीत जातं आणि तिथं गेलेला रुपया पुन्हा ओळखू येत नाही. त्यातला ठरावीक हिस्सा विद्यार्थी सेवांसाठी बाजूला काढावा, त्यातून कक्षाला एक पूर्णवेळ अधिकारी मिळावा. 'अतिरिक्त कार्यभार' म्हणून कुणा विभागप्रमुखाच्या गळ्यात मारलेलं पद नको. मार्चमध्ये अर्थसंकल्पासाठी अधिसभा बसते. तिथं पदवीधर गटातून, शिक्षक गटातून निवडून गेलेली आपली माणसं असतात. मतं मागायला ती आपल्याकडे आली होती. त्यांच्यापैकी एकाने उभं राहून विचारावं: गेल्या वर्षी परदेशी विद्यार्थ्यांकडून शुल्क किती जमलं, आणि त्यातलं त्यांच्या वसतिगृहावर, दवाखान्यावर, खिडकीवर किती खर्च झालं? उत्तर लेखी मागावं आणि ते इतिवृत्तात आलं की नाही, हे पुढच्या बैठकीत बघावं.